काळी पडलेली तांब्याची भांडी, लिंबू-सोडा करून दमले, आता काय करू?

माहेरवाशीण_चिपळूण

नमस्कार मंडळी. आजीचं चिपळूणचं घर आवरलं गेल्या महिन्यात आणि भांडी वाटून घेताना माझ्या वाट्याला तांब्याचं घंगाळ, एक कळशी, दोन ताम्हनं आणि एक मोठं पातेलं आलं. २०२१ च्या पुरात ही सगळी माळ्यावर होती म्हणून वाचली, पण तेव्हापासून तिथेच पडून, कोणी हात लावलेला नाही. घंगाळाचा तळ तर काळाकुट्ट आहे, कड्यांच्या खाली हिरवं हिरवं पीठ जमलंय, कळशी चॉकलेटी झालीय आणि हाताला चिकट लागते. यूट्यूबवर बघून अर्धा डझन लिंबं आणि अर्धा डबा खायचा सोडा एकत्र करून लावला, फेस मस्त आला, कळशी होती तशीच!! नवरा म्हणतो पॉलिशवाल्याला दे. गणपती दहा दिवसांवर आलेत आणि मला कळशी नि ताम्हनं तरी पूजेला हवी आहेत. घरातल्या घरात काय करता येईल? आणि दुसरं म्हणजे ताम्हन मी चोळून थोडं लालसर केलं होतं ते दुसऱ्या दिवशी परत डागाळलं, बोटांचे ठसे उमटलेत त्याच्यावर, चोरी पकडायला पोलिसांना उपयोगी पडतील इतके स्पष्ट. असं का होतं?

मंद्या

पितांबरी लाव आणि मोकळी हो. पुढचा प्रश्न.

सोलकढी

मंद्या तुझ्याकडे घंगाळ नाहीये हे कळलं 😄

अगं माहेरवाशीण, आधी एक सांग, कळशी साबणाने धुतलीस का? चिकट लागतेय म्हणतेस ना, ते मेण आहे, स्वयंपाकघरातल्या तेलाचा धूर आणि धूळ वर्षानुवर्षं बसून झालेलं. त्याच्यावर लिंबू घास नाहीतर लिंबाचं झाड घास, आंबट आत पोचतच नाही. आमच्याकडे राजापूरला आई पहिल्यांदा राखेने घासायची, चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी, मग धुऊन मगच आंबट. आता फ्लॅटमध्ये राख कुठून आणणार, तर कडकडीत पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा (खायचा नाही, कपड्यांचा) घालून कळशी त्यात फिरवून फिरवून धू, हातमोजे घाल, हात सोलतात त्याने. पाणी पिवळट तपकिरी होईल, घाण वास येईल, घाबरू नकोस. मग भांड्याच्या साबणाने धू. आता पाणी कळशीवर थेंब थेंब न राहता सरळ पसरलं की समज मेण गेलं.

मग चिंच. चांगली नवीन चिंच वाया घालवू नकोस, फ्रीजच्या मागे एखादी काळी पडलेली दोन वर्षांची चिंच असतेच प्रत्येकाच्या घरी, तीच उत्तम. लिंबाएवढा गोळा अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं, कोळ काढायचा नाही, चोथ्यासकटच घ्यायची कारण चोथा हाच घासणी असतो, त्यात जाडं मीठ चमचाभर आणि लाव. एका जागी लावून मोजत बस. पाच-सात सेकंदांत बोटाखाली चॉकलेटी रंग सरकतो आणि आतून गुलाबी तांबं वर येतं, एकदम ओल्या कैरीच्या सालीवरच्या लालीसारखं. ते बघायला मला अजून आवडतं, खरं सांगते, मी मुद्दाम मधोमध एक बोट ओढते आणि उरलेली काळी बाजू नि ती रेघ बघत बसते.

आमच्याकडे सोलकढी झाल्यावर उरलेली पिळलेली आमसुलंपण फेकत नसत, ती देवघरातल्या पळी-पंचपात्राला. आणि परसात बिंबलाचं झाड असेल तर बिंबलं, एक अर्धं कापायचं नि त्यानेच घासायचं, त्याच्याइतकं झकास दुसरं काही नाही, पण ते शहरात मिळत नाही.

प्रयोगवही

सोलकढी ताईंनी क्रम बरोबर सांगितला. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यामुळे का हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कंटाळा आला तर पुढच्या उत्तरावर जा.

लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करणं म्हणजे एकाने खणायचं आणि दुसऱ्याने बुजवायचं. लिंबू आम्ल, सोडा अल्कली, दोघं भांड्याला हात लावायच्या आधी एकमेकांनाच संपवतात, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि फेस बघून आपल्याला वाटतं काम चाललंय. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. यूट्यूबवाल्यांना फेस कॅमेऱ्यात छान दिसतो म्हणून ते करतात असा माझा पक्का संशय आहे.

भांड्यावर जे काळं-तपकिरी आहे ते तांब्याचं ऑक्साइड. हे आम्लात विरघळतं, मूळ तांबं मात्र लिंबू-चिंचेसारख्या सौम्य आम्लात इतक्या थोड्या वेळात फारसं विरघळत नाही, म्हणून तर ही युक्ती चालते, नाहीतर कळशीच विरघळली असती. मिठाचं काम फक्त घासायचं नाही. मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून पाण्यात ओढून नेतं, त्यामुळे नुसत्या लिंबापेक्षा मीठ-लिंबाने चौपट लवकर होतं असं वाटतं (मोजलेलं नाही, डोळ्याचा अंदाज). घरी करून बघा, अर्ध्या ताम्हनाला नुसतं लिंबू, अर्ध्याला मीठ लावलेलं, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

हिरवं पीठ म्हणजे जंगाल. तांबं, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून होतं ते, कोकणात चार पावसाळे माळ्यावर म्हणजे होणारच. कड्यांखाली पाणी साचून राहतं म्हणून तिथेच जास्त. ते पोटात जाणं चांगलं नाही. कोरडं खरवडू नका, पीठ उडतं, ओलं करूनच काढा आणि हात धुवा. चिंचेत तेही विरघळतं.

आता ठसे. चिंच-मीठ लावून नुसतं पाण्याने विसळलं तर थोडं आम्ल आणि मीठ पृष्ठभागावर राहतं आणि ते रात्रभर आपलं काम करत राहतं. बोटांच्या घामातही मीठच. इथे तुमचा खायचा सोडा कामाचा: घासून झाल्यावर बादलीभर पाण्यात एक चमचा सोडा टाकून त्यात भांडं बुडवून काढा, राहिलेलं आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने धुवा आणि लगेच, लगेच म्हणजे लगेच, कोरड्या सुती फडक्याने पुसा. निथळायला उपडं ठेवलंत की थेंबांचे काळे गोल उमटलेच.

माहेरवाशीण_चिपळूण

सर खूप खूप थँक्यू, नववीत असं कोणी शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते 🙏

सकाळी धुण्याचा सोडा लावला कळशीला, पाणी अक्षरशः चहासारखं झालं. मग चिंच. सोलकढी तुझं ते बोट ओढायचं मीपण केलं!! कळशी निम्मी झाली, बाकीची संध्याकाळी. आता पातेल्याकडे वळते, ते बाहेरून काळं आहे आणि आतून पांढरट चंदेरी, पण तळाला मधे मधे लालसर चट्टे दिसतायत, ते चट्टे आणि चंदेरी सगळं चिंचेने चोळून एकसारखं लाल करू ना?

भांडीकुंडी

थांब!!! हात लावू नकोस आतून!!!

ती कल्हई आहे गं. कथिलाचा मुलामा. मी हेच केलं होतं लग्नानंतर पहिल्या वर्षी, सासूबाई गावाला गेल्या होत्या, म्हटलं त्यांना सरप्राईज देऊ, त्यांचं कल्हईचं पातेलं आतून काथ्याने आणि चिंच-मिठाने तासभर घासलं, लालभडक केलं, स्वतःवरच खूश झाले आणि त्याच पातेल्यात आंबट वरण टाकलं. दोन तासांनी वरणाला हिरवट कड आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. कळकलं. सगळं ओतून दिलं. सासूबाई आल्या, पातेल्यात बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त "आता कल्हईवाला शोधायला लागेल" एवढंच. अजून ते वाक्य डोक्यात आहे.

तर बाहेरून काय हवं ते कर, आतून फक्त मऊ कपडा आणि भांड्याचा साबण. तारेची घासणी नाही, राख नाही, चिंच नाही. आणि लाल चट्टे दिसायला लागले म्हणजे कल्हई उडालीय, आता त्यात स्वयंपाक करायचाच नाही कल्हई होईपर्यंत. पाणी तापव हवं तर. रिकामं गॅसवरही ठेवू नकोस, कथील २३२ अंशांना वितळतं, रिकाम्या भांड्याला तेवढं तापायला काही वेळ लागत नाही, कल्हई ओघळून तळाशी गोळा होते.

पेठेतला

कल्हईचं मी सांगतो कारण आमच्या बोळात अजून एक काका येतात, वर्षातून दोनदा, आणि मी सुट्टी घेऊन बघायला बसतो म्हटलं तरी चालेल. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, भाता (आता त्याला हाताने फिरवायचा पंखा असतो), भांडं त्यावर फिरवत फिरवत तापवायचं, मग नवसागराची पूड भुरभुरायची, भस्सकन पांढरा धूर आणि तो नाकात जाणारा वास, की लगेच कथिलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवायची, ती लोण्यासारखी पाघळते, आणि कापसाच्या बोळ्याने एका हाताने गर्रकन फिरवून पुसत न्यायचं. दहा सेकंदांत लाल भांडं आरसा. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र. नवसागर नसेल तर कथील तांब्याला धरत नाही, मण्यासारखं गोल होऊन पळतं.

एकच सांगणं, कथील चोख आहे का विचारून घ्या. स्वस्तात करतो म्हणणारे शिसं मिसळलेलं वापरू शकतात आणि ते पोटात जायला नको. समोर बसून करून घ्या. पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी करा, तिथे ठोक ठोक आवाज येतो त्या दिशेने चालत राहायचं, पत्ता लागत नाही.

आणि आता एक विरोधी मत. सगळं चकचकीत करायलाच पाहिजे का? घंगाळ मठारकामाचं असेल तर बघा, अंगभर हातोडीचे छोटे छोटे गोल ठोके असतील. ते शोभेचे नाहीत, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, नाहीतर तांबं मऊ, पाणी भरून उचललं तर वाकेल. त्या ठोक्यांच्या खाचांत थोडा तपकिरी रंग राहिला तर ते भांडं जास्त सुंदर दिसतं असं माझं स्पष्ट मत. लोक पॉलिश पेपर मारून, मशीनवर बफिंग करून ते ठोके सपाट करतात आणि मग नव्या शोरूमच्या भांड्यासारखं दिसतं म्हणून खूश होतात. नवऱ्याला सांगा पॉलिशवाला नको.

उगाचच

खाचांत तपकिरी रंग सुंदर म्हणे. आमच्याकडे त्याला आळस म्हणतात.

पेठेतला

@उगाचच या कधी घरी, आळस बघायला.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत काळी पडलेली चिंच फ्रीजमागे सापडत नाही, विकत आणायची तर दहा मैल जायचं, म्हणून मी टोमॅटो केचप लावते. हसू नका. त्यात टोमॅटोचं आंबट, व्हिनेगर आणि मीठ तिन्ही आयतं असतं आणि घट्ट असल्यामुळे उभ्या भांड्यावरून ओघळत नाही, ताम्हनाच्या काठाला बरोबर चिकटून बसतं. दहा मिनिटांनी धुवायचं. किंवा व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून त्यात कणीक कालवून लेप. घंगाळासारख्या मोठ्या भांड्याला लेपच परवडतो.

माझी फजिती वेगळी होती, एक नवीन तांब्याचा जग घेतला होता, तो दोन वर्षांनी डागाळला, काही केल्या निघेना, केचपची अख्खी बाटली संपली. मग कळलं की त्यावर दुकानातूनच पारदर्शक लॅकर मारलेलं, डाग लॅकरच्या खाली. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनने आधी ते उतरवलं, खिडकी उघडी ठेवून, मग दोन मिनिटांत झालं. आजीच्या भांड्यांना हा त्रास नाही, पण नवीन घेतलेल्या शोपीसवाल्यांनी लक्षात ठेवा.

बाकी पेठेतल्यांशी मी सहमत. आमच्या इथल्या बंदरात एक बाई १८८६ पासून उभी आहे, सगळी तांब्याची, आली तेव्हा तांबूस होती आता हिरवीगार झालीय, आणि तो हिरवा थरच तिला सांभाळतो म्हणून कोणी चिंच लावायला जात नाही. अर्थात तिच्यातून कोणी पाणी पीत नाही.

गोंयकार_मावशी

आमच्याकडे न्हाणीत मोठं भाण असायचं, चुलीवर पुरलेलं, त्याच्या तळाची काजळी कोणी कधी काढली नाही. कशाला काढायची, उद्या परत चूल पेटणार. उलट काजळीचा तळ लवकर तापतो म्हणायचे. तेव्हा तुझ्या घंगाळाचा तळ काळाकुट्ट म्हणतेस तो काजळीचा असेल तर चिंच चोळून उपयोग नाही, ते ऑक्साइड बिक्साइड काही नाही, कोळसा आहे. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजव रात्रभर आणि लाकडाच्या उलथन्याने खरवड, सुरीने नको.

प्रयोगवही

मावशींचं अगदी बरोबर, मी विसरलो होतो. दोन गोष्टी राहिल्या.

एक, वापरलेल्या चिंचेच्या निळसर-हिरवट पाण्यात लोखंडी घासणी किंवा चमचा टाकू नका, विरघळलेलं तांबं लोखंडावर बसतं आणि चमचा तांबूस होतो. तसंच पितळेची भांडी, समई वगैरे, आंबटात भिजत ठेवू नका. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, ते आधी सुटतं आणि मागे गुलाबी चट्टे राहतात, ते मग घासून घासून जातात. लावा, चोळा, धुवा, बस.

दोन, बाथरूमचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर कान बंद करा. निघतं लवकर, पण भांडं रवाळ होतं, पुन्हा दुप्पट वेगाने काळं पडतं आणि त्याचा धूर फुफ्फुसाला वाईट. आमच्या शेजारी एकांनी हंडा केला तसा. त्यापेक्षा किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, सायट्रिक अ‍ॅसिड, ते लिटरभर गरम पाण्यात दोन टेबलस्पून आणि एक चमचा मीठ. घंगाळाला हेच स्वस्त पडेल.

सोलकढी

आणि कळशी पूजेला ना, की पाणी प्यायलापण? प्यायला असेल तर आतूनही चिंचेने स्वच्छ कर (कळशीला कल्हई नसते बहुतेक, बघून घे), साधं पाणी रात्रभर ठेव, चालतं. लिंबूपाणी, ताक, सरबत अजिबात नाही. आमच्या जावेने तांब्याच्या बाटलीत लिंबू-मध नेलं ऑफिसला, हेल्थसाठी!! दुपारपर्यंत उलट्या.

प्रयोगवही

पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी सहसा त्याच्या खूप आत राहतं. लिंबू पडलं की गणित बदललं. जावेला आता बरं आहे ना?

सोलकढी

बरं आहे. बाटली नणंदेला दिली.

माहेरवाशीण_चिपळूण

रिपोर्ट!!

ताम्हनं झाली, सोड्याच्या पाण्याची बादली आणि लगेच पुसणं हा खरा उपाय निघाला, आज तिसरा दिवस, एक ठसा नाही. (नवऱ्याला हात लावू दिलेला नाही.) घंगाळ लिंबूसत्त्वाने केलं, कड्यांखालचं हिरवं जुन्या टूथब्रशने काढलं, वरचा काठ आणि कड्या लख्ख केल्या आणि अंगावर पेठेतल्यांचं ऐकून थांबले, ठोक्यांत तपकिरी राहू दिलंय, छान दिसतंय खरंच. तळाची काजळी तीन चतुर्थांश निघाली, उरलेली मावशींच्या नावाने सोडली. पातेलं बाजूला ठेवलंय, कल्हईवाला मिळेपर्यंत त्यात कांदे-बटाटे.

आणि कळशी. कळशीचा दुसरा अर्धा भाग काल रात्री घासत होते, गळ्याखाली चिंच चोळली तर आधी टिंबं टिंबं दिसली, मग टिंबांची अक्षरं झाली. ग. वि. आ., ता. ११-५-५८. ठोकून घातलेलं नाव. मी इतकी हरखले, लगेच आईला व्हिडिओ कॉल केला, म्हटलं आजोबांचं नाव सापडलं बघ.

आई चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, अगं आपल्या घरात ग. वि. आ. कोणीच नव्हतं कधी. शेजारच्यांची आहे ती. कुणाच्या तरी लग्नाला आणली असेल आणि परत करायची राहिली.

आता सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनी परत नेऊन द्यायची का मी?? इतकी घासल्यावर???

पेठेतला

म्हणून तर नावं घालायचे. लग्नकार्यात सगळ्या आळीची भांडी एकत्र यायची, जाताना कोणाची कोणती कळायला नको का. घरी जाऊन बाकीच्या भांड्यांची नावं पण वाच आता.

मंद्या

पितांबरी लावली असतीस तर नावापर्यंत पोचली नसतीस.

भांडीकुंडी

@मंद्या 😂😂 पहिल्यांदा बरोबर बोललास.

माहेरवाशीण, विचारून तरी बघ ना त्यांच्याकडे. नाही म्हणणार नाहीत.

माहेरवाशीण_चिपळूण

विचारलं. आईने आत्ताच फोन केला होता त्यांच्या सुनेला, त्या आता रत्नागिरीला असतात. त्या म्हणाल्या कळशीचं काही माहीत नाही हो, पण आमच्याकडे एक मोठी पितळी परात आहे, तिच्यावर तुमच्या आजोबांचं नाव आहे, आम्ही रोज कणीक मळतो तिच्यात, ती पाठवू का?

आई म्हणाली राहू दे. गणपतीला कळशी काढतेय.